ध्यानाला बसले की धडधड वाढते : शांत होण्याचा उपाय स्वभाव पाहून निवडावा का?

कासारवडवलीकर (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहते आणि ऐरोलीच्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. माझा स्वभाव मूळचाच काळजी करणारा आहे. महिन्याच्या आढावा बैठकीत आकडे मांडण्याचे काम माझ्याकडे आल्यापासून मात्र ही काळजी बैठकीच्या बऱ्याच आधीपासून ठाण मांडून बसते. पहाटेच जाग येते, पोटात गोळा येतो, आणि कोण काय विचारेल, त्यावर मी काय उत्तर देईन, ते उत्तर अपुरे पडले तर पुढे काय होईल, असे चक्र डोक्यात सुरू राहते. डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी तपासून शरीरात काही दोष नसल्याचे सांगितले आणि ‘ताण घेऊ नका’ असा सल्ला दिला.

अडचण त्यापुढची आहे. घरात आणि कार्यालयात प्रत्येकाकडे माझ्यासाठी एक उपाय तयार आहे, आणि ज्याचा त्याचा उपाय ज्याला त्याला लागू पडलेला आहे. माझे पती संध्याकाळी तलावपाळीवर मित्रांशी तासभर गप्पा मारून येतात आणि दिवसभराचे सारे विसरतात. नेरूळची नणंद म्हणते की सगळे चांगलेच होणार, असे मनाशी घोकत राहा. एक सहकारी रोज मोबाइलवर ध्यानाचे ॲप लावून बसतो. त्याच्या आग्रहावरून मीही काही काळ तसे करून पाहिले, परंतु डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले की मला छातीचे ठोके स्पष्ट जाणवू लागतात आणि शांत वाटण्याऐवजी घालमेल वाढते. चार लोकांत मिसळले तर परत येईपर्यंत थकून जाते. याउलट, बैठकीच्या आदल्या रात्री सगळे तक्ते पुन्हा पाहून आणि विचारले जाऊ शकतील असे प्रश्न कागदावर उतरवून ठेवले की मला झोप लागते. यावर नणंदेचे म्हणणे असे की, हा उपाय नव्हेच, हाच तर तुझा आजार आहे.

कार्यालयातील एका प्रशिक्षणात आमची सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेण्यात आली होती आणि तिच्यात मी ‘अंतर्मुख’ ठरले. अशा निष्कर्षावर किती विसंबावे, हेही मला कळत नाही. स्वभावाला औषध नसते, असे आपण म्हणतो. पण औषध स्वभाव पाहून द्यावे का, एवढेच मला विचारायचे आहे. की ही केवळ माझी पळवाट आहे?

उपवनकाठ

आपल्याला होणारा त्रास खरा आहे, याबद्दल शंका नाही. मात्र ‘माझा स्वभाव वेगळा, म्हणून माझा उपाय वेगळा’ या विचाराबद्दल मला थोडी धास्ती वाटते, कारण आजकाल माणसे उपाय करण्यापेक्षा तो शोधण्यातच अधिक काळ घालवतात. श्वास सगळ्यांचा सारखाच चालतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, आणि म्हणूनच उच्छ्वास लांबवला की शरीर हळूहळू सैलावते. हे अंतर्मुखाच्या बाबतीतही घडते आणि बहिर्मुखाच्या बाबतीतही.

आपल्याला डोळे मिटून गप्प बसणे मानवत नसेल तर गप्प बसू नका, एवढीच सवलत मी देईन. आपल्याकडे मोठ्याने जप करण्याची, स्तोत्र म्हणण्याची, हातात माळ घेऊन मणी ओढण्याची पद्धत आहे. तिच्यात डोळे उघडे असतात, हाताला काम असते आणि जिभेलाही. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील बेर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात काही निरोगी व्यक्तींना एकदा लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि एकदा ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र म्हणायला लावले, तेव्हा दोन्ही वेळी त्यांच्या श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली. कोणीही त्यांना श्वास मोजायला सांगितले नव्हते. शब्दांच्या लांबीनेच ते काम केले. आमच्या आजीला हे कोणत्याही नियतकालिकाशिवाय ठाऊक होते, पण ते असो. आपण ज्या ओळी लहानपणापासून म्हणत आला आहात त्या संथपणे, प्रत्येक ओळीच्या अखेरीस श्वास पूर्ण सोडून म्हणून पाहाव्यात. देवावर श्रद्धा नसेल तर पाढे म्हणा; श्वासाला त्याने फरक पडत नाही.

पारसिकची सावली

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवीत असे. आता निवृत्त होऊन बेलापूरला राहते. उपवनकाठ यांनी जपाविषयी लिहिले ते योग्य आहे, परंतु श्वास सारखा म्हणून उपायही सारखा, हा त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. गंमत अशी की त्यांनी स्वतःच डोळे उघडे ठेवण्याची आणि हाताला काम देण्याची जी ‘सवलत’ दिली, ती आपला स्वभाव पाहूनच दिली आहे.

ध्यानाला बसल्यावर अस्वस्थता वाढण्याचा अनुभव विरळा नाही आणि त्यात आपले काही चुकत आहे असेही नाही. अमेरिकेतील हाइडे आणि बोर्कोवेक या संशोधकांनी १९८३ मध्ये सतत ताणात असणाऱ्या व्यक्तींना शिथिलीकरणाच्या दोन पद्धती शिकवल्या, तेव्हा शिथिल होता होताच काहींची चिंता वाढल्याचे त्यांना दिसले. स्नायू सैल करण्याच्या पद्धतीपेक्षा मंत्रावर लक्ष एकाग्र करून ध्यान करण्याच्या पद्धतीत असे अधिक जणांच्या बाबतीत घडले. याची एक कारणमीमांसा मिशेल न्यूमन यांनी २०११ मध्ये मांडली. काळजी करणाऱ्या माणसाला ताणापेक्षाही, निवांत असताना अचानक वाईट काही कोसळणे अधिक असह्य वाटते. म्हणून तो आधीपासूनच ताणात राहणे पत्करतो, म्हणजे पुढे जे होईल त्याने निदान धक्का तरी बसणार नाही. अशा व्यक्तीला ‘आता सगळे सोडून दे’ असे सांगणे म्हणजे पहाऱ्यावरच्या माणसाला शस्त्र खाली ठेवायला सांगण्यासारखे आहे. तो ठेवीलही, पण त्याचे कान अधिकच टवकारले जातील.

तेव्हा आपल्यासारख्या व्यक्तीला ज्यात काही *करायचे* असते असे उपाय सहसा अधिक मानवतात. एडमंड जेकबसन यांची स्नायूंच्या क्रमवार शिथिलीकरणाची पद्धत, जिच्यावरील त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये आला, ती या दृष्टीने चांगली आहे. आज ती जशी शिकवली जाते त्यात मूठ, दंड, खांदे, कपाळ, पोट, पाय असा एकेक भाग काही सेकंद आवळायचा आणि मग सोडायचा असतो. लक्ष हृदयाकडे न जाता स्नायूंकडे राहते आणि डोळे उघडे ठेवूनही हे करता येते. नेहमीच्या वेगापेक्षा थोडे झपझप चालणेही तसेच. ज्यांना घरात बसून शांत होता येत नाही असे अनेक जण मला नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’मध्ये सकाळी चालताना दिसतात, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला ध्यान जमायलाच हवे होते, असे मला वाटत नाही.

आता तक्त्यांविषयी, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा मला तेथे दिसतो. सुझान मिलर या मानसशास्त्रज्ञांनी संकटाला सामोरे जाण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत. काही माणसे येणाऱ्या प्रसंगाची शक्य तेवढी माहिती गोळा करतात आणि त्या माहितीनेच शांत होतात. काही माणसे त्या प्रसंगावरून लक्ष दुसरीकडे वळवतात आणि माहितीने उलट घाबरतात. १९८३ मध्ये मिलर आणि मँगन यांनी गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांना दोन गटांत विभागून एका गटाला तपासणीची सविस्तर माहिती दिली आणि दुसऱ्याला अगदी जुजबी. जिला माहिती हवीशी वाटे तिला ती मिळाली आणि जिला नकोशी वाटे तिला ती मिळाली नाही, अशा स्त्रियांचा ताण कमी राहिला. जिथे जोडी उलटी लागली तिथे तो अधिक राहिला. सर्वांना सगळे सांगावे की सर्वांपासून सगळे लपवावे, या वादाला येथे अर्थच उरत नाही.

नणंदबाईंच्या सल्ल्याबाबतही असेच काहीसे म्हणता येईल. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये ‘बचावात्मक निराशावाद’ या नावाने एका रीतीचे वर्णन केले. असा माणूस आपल्याकडून फारशा अपेक्षा ठेवत नाही, काय काय बिघडू शकेल याची आधीच मनात उजळणी करतो, त्या प्रत्येक शक्यतेची तजवीज करतो आणि शेवटी आशावादी माणसाइतकेच चांगले काम करून दाखवतो. पुढे स्पेन्सर आणि नोरेम यांनी १९९६ मध्ये छोटे बाण नेम धरून फेकण्याच्या (डार्ट्सच्या) खेळाचा एक प्रयोग केला. खेळण्यापूर्वी काहींना निवांत दृश्याची कल्पना करायला सांगितले, काहींना अचूक खेळाची, तर काहींना चुका होतील आणि त्या आपण सावरू अशी. आशावाद्यांचा खेळ निवांत कल्पनेने सर्वांत चांगला झाला, आणि बचावात्मक निराशावाद्यांचा चुका सावरण्याच्या कल्पनेने. म्हणजे नणंदबाईंना जे लागू पडते तेच आपल्याला दिले तर आपला खेळ बिघडण्याचीच शक्यता अधिक. (हे त्यांना वाचून दाखवायचे की नाही, ते आपण घरची हवा पाहून ठरवावे.)

तरीही त्यांच्या शंकेत तथ्याचा अंश आहे आणि तो मी झटकणार नाही. तयारी आणि काळजी या दोन्ही दुरून सारख्याच दिसतात. तयारीला शेवट असतो: प्रश्न लिहिला, त्याचे उत्तर लिहिले, कागद मिटला. काळजीत मात्र प्रत्येक उत्तरातून नवा ‘पण जर…’ निघतो आणि कागदावर काहीच उतरत नाही. तक्ते तपासून झोप लागत असेल तर ती तयारी आहे. तेच तक्ते मध्यरात्री उठून पुन्हा पाहावेसे वाटू लागले आणि प्रत्येक वेळी मिळणारा दिलासा आधीपेक्षा कमी काळ टिकू लागला, तर ती तयारी राहिलेली नाही असे समजावे.

सोळा प्रकारांच्या चाचणीविषयी थोडक्यात लिहिते. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या मांडणीवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी ती रचली. ती माणसाला एक तर या किंवा त्या खान्यात टाकते, प्रत्यक्षात मात्र बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात असतात. म्हणून तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचा प्रकार बदलतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अंतर्मुख असणे आणि चिंताग्रस्त असणे ही दोन वेगळी परिमाणे आहेत. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी ती वेगळी मांडली आणि आज प्रचलित असलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांच्या मांडणीतही ती वेगळीच आहेत. सभा गाजवून घरी आल्यावर रात्रभर तळमळणारे बहिर्मुख लोक मी पाहिले आहेत, आणि आठवडाभर कोणाशी न बोलता मजेत राहणारे अंतर्मुखही.

स्वतःची रीत ओळखण्यासाठी चाचणीपेक्षा आपलेच जुने प्रसंग आठवावेत. २६ जुलै २००५ ची पावसाची रात्र आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. त्या रात्री कोणी लागेल त्याला फोन लावत होते, कोणी पाण्याची भांडी भरून मेणबत्त्या शोधत होते, कोणी रेडिओला कान लावून बसले होते, तर कोणी ‘सकाळी पाहू’ म्हणून चक्क झोपले. कोणी न सांगता, काही न ठरवता आपण अशा वेळी जे केले आणि ज्याने खरोखर बरे वाटले, ते लिहून काढावे.

रबाळे लोकल

मी आपल्या पतींच्या पंथातला आहे, म्हणून बहिर्मुखांच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवतो.

बोलल्याने आम्हाला बरे वाटते हे खरे, परंतु सगळे बोलणे सारखे नसते. गप्पांत विषय बदलला तर मन हलके होते. त्याच विषयावर प्रत्येक मित्राला ‘होईल ना रे सगळे नीट?’ असे विचारत राहिलो तर मिळालेला धीर ठाणे स्थानक येईपर्यंतही टिकत नाही आणि पुढच्या मित्राचा नंबर लावावा लागतो. आमच्यासारख्यांची काळजी अशी गप्पांच्या वेषात फिरते, त्यामुळे ती कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शांत होण्याचा हट्टच सोडून देणे. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवले की गाणे म्हणण्यापूर्वी, भाषणापूर्वी किंवा गणिते सोडवण्यापूर्वी ज्यांनी ‘मी उत्साहात आहे’ असे स्वतःला बजावले, त्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधड भीतीतही असते आणि उत्साहातही. वेगात असलेले शरीर एकदम थांबवण्यापेक्षा त्याच वेगाला दुसरी दिशा देणे सोपे जाते. सादरीकरणापूर्वी मला याचा उपयोग होतो. आपल्या स्वभावाला हे नाटकी वाटेल, आणि वाटत असेल तर सोडून द्यावे.

शिवाय बैठकीच्या दिवशी चहा-कॉफीचे कप मोजावेत. कॅफिनने होणारी धडधड आणि चिंतेची धडधड यांतला फरक आतून ओळखता येत नाही, आणि ज्यांना आधीच ठोके जाणवतात त्यांना तर मुळीच नाही.

सेक्टर सतराची खिडकी

मी वाशीत समुपदेशनाचे काम करते. वरील चर्चेत एक मुद्दा निसटू नये असे वाटते, म्हणून लिहीत आहे.

उपाय निवडताना स्वभाव जरूर पाहावा. प्रसंग टाळताना मात्र त्याचा दाखला देऊ नये. ‘ही पळवाट आहे का?’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर उपायात सापडणार नाही, तो उपाय केल्यानंतर आपण काय करता यात सापडेल. प्रश्न लिहून काढून, स्नायू सैल करून किंवा जप करून आपण बैठकीला जात असाल आणि आकडे मांडत असाल, तर तो उपाय. ‘मी अंतर्मुख आहे, बोलणे मला जमत नाही’ असे म्हणून सादरीकरण सहकाऱ्याकडे सोपवले, तर त्या दिवशी चिंता झटकन उतरेल, अगदी कोणत्याही ध्यानापेक्षा लवकर उतरेल, आणि नेमके तिथेच नुकसान आहे. कारण टाळल्याने सुटका होते हा धडा मन फार चटकन शिकते आणि पुढच्या महिन्यात तीच बैठक अधिक मोठी भासू लागते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांनी एखादी साधी गोष्ट टाळण्यापासून सुरुवात केलेली असते आणि कालांतराने त्यांच्या दिनक्रमातील बऱ्याच गोष्टी तशाच गळून पडलेल्या असतात. अंतर्मुख माणसाने गर्दी आवडून घ्यावी असे कोणी म्हणत नाही. मात्र त्याला न आवडणे आणि त्याला भीती वाटणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जिथे भीती आहे तिथे हळूहळू, पायरीपायरीने का होईना, जावेच लागते.

आपला स्वभाव काटेकोर आहे असे आपल्या लिखाणावरून दिसते. अशा व्यक्तींना काळजीचीच वेळ ठरवून देण्याचा उपाय मानवतो. बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला आहे. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास बसून मनसोक्त काळजी करावी. दिवसभरात मध्येच विचार आला तर तो वहीत टिपून ‘हे सहा वाजता’ असे म्हणून हातातल्या कामाकडे वळावे. ही जागा अंथरूण नसावी आणि वेळ झोपण्याच्या तोंडावरची नसावी. मोकळ्या, मनस्वी स्वभावाच्या माणसाला हे वेळापत्रक जाचक वाटते आणि तो दोन दिवसांत सोडून देतो. त्याला मी हे सांगतही नाही.

घरगुती उपायांची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. अनेक विषयांची न आवरणारी काळजी सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस असेल आणि तिच्यामुळे झोप, एकाग्रता किंवा काम बिघडत असेल, अचानक भीतीचे झटके येत असतील, किंवा ती दाबण्यासाठी मद्याचा आधार घ्यावा लागत असेल, तर स्वभावाची चर्चा बाजूला ठेवून तज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी भेटावे. विचारांच्या सवयी बदलणारे मानसोपचार चिंतेवर चांगले परिणामकारक आहेत आणि गरज असेल तेव्हा औषधेही आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय तर १९०१ पासून आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या करून आपणच लोकांना तिथल्या बाह्यरुग्ण विभागाची पायरी चढायला लाजवले आहे, याची आपण ठाणेकरांनी तरी थोडी खंत बाळगावी. आधी फोनवरच बोलायचे असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

एक सूचना आणखी. सादरीकरणापूर्वी धडधड थांबवणारी गोळी सहकाऱ्यांकडून मागून घेण्याची पद्धत काही कार्यालयांत दिसते. या वर्गातील प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे दमा असलेल्या व्यक्तीला घातक ठरू शकतात. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नयेत.

कासारवडवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. तयारीला शेवट असतो, ही कसोटी मला ताबडतोब वापरता येईल. बैठकीची विषयपत्रिका आधी मिळावी अशी विनंतीही मी वरिष्ठांना करणार आहे. रामरक्षा मला पाठ आहे, ती उपवनकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे म्हणून पाहते. सादरीकरण कोणाकडेही सोपवणार नाही, हे सेक्टर सतराची खिडकी यांना सांगते.

माहिती हवी असणारे आणि नको असणारे, हा भाग वाचताना मात्र मला दुसरेच काही आठवले. माझ्या सासऱ्यांची लवकरच अँजिओग्राफी करायची आहे. ती कशी करतात, त्यात काय काय होते, हे मी वाचून काढले आहे. ते त्यांना समजावून सांगितले तर त्यांना धीर येईल असे मला वाटते. सासूबाई मात्र म्हणतात की त्यांच्यापुढे तो विषयही काढू नकोस. ते स्वतः काहीच बोलत नाहीत, नुसते वर्तमानपत्र वाचत बसतात. आणि रुग्णालयात सोबत जायचे आहे माझ्या पतींना, ज्यांना रक्त पाहिले की भोवळ येते आणि जे एकदा रक्त तपासायला गेले असता खुर्चीतच कोसळले होते. त्यांनाही स्नायू सैल सोडायला शिकवू का?

पारसिकची सावली

पतींना ते मुळीच शिकवू नका. त्यांना अगदी उलट करावे लागेल. बहुतेक भीतींमध्ये रक्तदाब आणि ठोके वाढतात, परंतु रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्या लोकांमध्ये ते आधी वाढून मग एकदम उतरतात, आणि म्हणून माणूस कोसळतो. अशा वेळी शरीर सैल सोडले तर भोवळ यायला मदतच होईल. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी यासाठी स्नायू आवळण्याची पद्धत विकसित केली. दंड, पाय आणि धड यांचे स्नायू एकदम आवळून, चेहऱ्यावर उष्णता जाणवेपर्यंत म्हणजे साधारण दहा ते पंधरा सेकंद तसेच धरायचे, मग वीस-तीस सेकंद सोडायचे, तेही पूर्ण सैल न पडता नेहमीच्या स्थितीपुरतेच, आणि असे पाच वेळा करायचे. त्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार नसेल तर आतापासून घरी खुर्चीत बसून सराव करू द्या, म्हणजे रुग्णालयात ते आठवेल. हा उपाय सासऱ्यांना मात्र सांगू नये. हृदयाची तपासणी व्हायची असताना असा जोर लावणे त्यांच्यासाठी योग्य नाही.

सासऱ्यांच्या बाबतीत आपण आणि सासूबाई, दोघीही स्वतःच्या रीतीने त्यांना शांत करू पाहत आहात. त्यांना मात्र अजून कोणी विचारलेले दिसत नाही. ‘बाबा, त्या दिवशी काय होणार हे आधी ऐकायला आवडेल, की त्या वेळी पाहू?’ एवढेच विचारावे आणि मिळेल ते उत्तर प्रमाण मानावे. त्यांनी ‘त्या वेळी पाहू’ म्हटले, तर वाचलेले सारे आपल्याजवळ ठेवावे आणि त्यांना केवळ किती वाजता निघायचे, केव्हापासून उपाशी राहायचे आणि कोणत्या गोळ्या सुरू ठेवायच्या, एवढेच सांगावे. संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी धोके समजावून सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते करतील. ही तपासणी बहुधा मनगटातून किंवा जांघेतून, तेवढाच भाग बधिर करून होते आणि रुग्ण जागा असतो. सासऱ्यांना आधी काहीही ऐकायचे नसले तरी जागे असणार आहोत ही एक गोष्ट त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावी, कारण पूर्ण भूल मिळेल या समजुतीने आत गेलेला माणूस टेबलावर सर्वांत जास्त घाबरतो.

वर्तमानपत्र मात्र सोबत नेऊ द्यावे.